१९६७ ची मॉरिस मायनर १०००: घरच्या गॅरेजात दुरुस्ती आणि थोडे बदल

लेस्टरकर

नमस्कार मंडळी. गेले चौदा महिने एका गाडीच्या मागे आहे, लिहीन लिहीन म्हणत राहिलं. १९६७ ची मॉरिस मायनर १०००, चार दारांची सलून, निळी, १०९८ सीसी. इथेच इंग्लंडमध्ये लेस्टरजवळच्या गावात एका आजींकडे उभी होती, त्यांचे मिस्टर गेल्यापासून नऊ वर्षं हलली नव्हती.

ही गाडी का, तर सांगतो. साताऱ्याला आमच्याकडे बाबांची अँबॅसिडर होती आणि रविवारी ते खाली झोपून ग्रीस मारायचे तेव्हा बॅटरी धरायचं काम माझं. अँबॅसिडर म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज तीन, ती आणि मायनर दोन्ही एकाच गावच्या, ऑक्सफर्डजवळच्या काउलीच्या कारखान्यातल्या. आजींच्या शेडमध्ये मायनरच्या खाली वाकून बघितलं आणि पुढचे टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळया) दिसले, तसेच लांबच्या लांब मागे गेलेले, मग घेतल्याशिवाय राहवलं नाही.

ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अॅलेक इसिगोनिस यांचं डिझाइन, तेच पुढे मिनी करणारे. १९४८ साली आली, १९७१ पर्यंत निघत होती, सोळा लाखांच्या वर बनल्या. नमुना तयार झाल्यावर इसिगोनिसना ती अरुंद वाटली म्हणून मधोमध कापून दोन्ही भाग चार इंच लांब सरकवून बघितले आणि तीच रुंदी कायम केली. बॉनेटवर मधोमध हात फिरवला की जी सपाट पट्टी लागते ना, ती त्याच चार इंचांची. मी रोज गॅरेजात शिरताना एकदा हात फिरवतोच.

आता कामाचं. पहिल्या दिवशी जॅक लावला. गाडी वर यायच्या ऐवजी कर्रर्र आवाज झाला आणि जॅक वर गाडीत घुसला. खाली जाऊन स्क्रूड्रायव्हरने खरवडलं तर वरून काळं अंडरसील (गंज रोखायचा लेप), त्याच्या आत पुट्टी, पुट्टीच्या आत जाळी आणि जाळीच्या पलीकडे पत्रा नाहीच, लाल भुगा. हे काम कधीतरी एका गॅरेजवाल्याने पैसे घेऊन केलेलं आहे, बिल अजून गाडीच्या फाइलमध्ये आहे. मला त्या दिवशी खूप राग आला कारण या गाडीला वेगळी चेसिस नाही, दाराखालची सिल, आतली बॉक्सिंग प्लेट आणि आडवा मेंबर हाच तिचा सांगाडा. आजी त्यात बसून दुकानात जात होत्या.

म्हणून माझा क्रम असा ठरला. आधी पत्रा, मग ब्रेक, मग पुढच्या चाकाचे ट्रनियन, आणि हे तिन्ही होईपर्यंत इंजिनला हात लावायचा नाही. इंजिन चालू करून ऐकायचा मोह फार होतो, मलाही झाला, पण गाडी एकदा चालू झाली की माणूस ती बाहेर काढतोच.

पत्र्यासाठी इथल्या कॉलेजात संध्याकाळचा वेल्डिंगचा वर्ग केला, दहा आठवडे. मिग वेल्डर घेतला. दोन्ही बाजूच्या सिल, चार पॅच जमिनीला, मागच्या पाट्यांच्या हँगरजवळचा पत्रा. एक नक्की सांगेन, कापायच्या आधी दारांच्या फटी मोजून वहीत लिहून ठेवा आणि दारं लावूनच वेल्ड करा, एका वेळी एकच बाजू. नाहीतर मधे गाडी खाली बसते आणि दार परत कधीच नीट लागत नाही.

फोटो वेगळे टाकतो. पुढचं ब्रेकचं.

---

मैत्रेयी_ठाणे

मस्त धागा! सिलचं वाचून अंगावर काटा आला. आमच्या बाबांची १९८४ ची अँबॅसिडर मी सध्या टिंकरिंगला दिलीये आणि आता उद्या जाऊन स्क्रूड्रायव्हरने खरवडून बघणार आहे.

एक विचारायचं होतं. वेल्डिंग करताना आग लागायची भीती नाही वाटत? पेट्रोलची टाकी कुठे असते हिला?

पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

---

लेस्टरकर

@मैत्रेयी, टाकी मागे डिकीच्या खाली. मागच्या भागाचं वेल्डिंग करायच्या आधी मी टाकी काढून घराबाहेर ठेवली, नुसती रिकामी करून चालत नाही कारण रिकाम्या टाकीतली वाफच जास्त धोक्याची. बॅटरीची वायर काढायची. आतलं कार्पेट, नमदा, सीट सगळं बाहेर. आणि काम संपल्यावर एक तास गॅरेजात बसून राहायचं, मी चहा घेऊन बसायचो. एकदा दाराच्या आतल्या जुन्या पुठ्ठ्यातून अर्ध्या तासाने धूर यायला लागला होता, मी घरात जेवायला गेलो असतो तर गाडी गेली असती. पाण्याची बादली आणि फायर एक्स्टिंग्विशर हाताशी, कुणीतरी दुसरं माणूस हाकेच्या अंतरावर.

आणि अँबॅसिडरचं जरूर बघ. टिंकरिंगवाल्याला पुट्टी मारायच्या आधीचे फोटो मागायचे, उघडा पत्रा दिसेल असे.

---

लेस्टरकर

ब्रेक.

मायनरचा मास्टर सिलिंडर (पॅडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा) बॉनेटमध्ये नाही. तो ड्रायव्हरच्या पायाखाली, जमिनीच्या खालच्या चेसिस लेगच्या आत बसवलेला असतो. कार्पेट उचलायचं, स्क्रू काढून पत्र्याचं झाकण काढायचं, खाली ब्रेक ऑइलचं बूच दिसतं. म्हणजे लेव्हल बघायलाच इतकं, त्यामुळे कुणी बघत नाही. माझ्याकडे झाकण उघडलं तर आत काळपट लगदा.

बरं, तो सिलिंडर काढायला दोन लांब बोल्ट आहेत आणि ते बाहेर खेचायच्या वाटेत नेमका टॉर्शन बार येतो. पुस्तकात लिहिलंय टॉर्शन बार सैल करून बाजूला घ्या. बार म्हणजे भरलेली स्प्रिंग आहे, त्यात गाडीच्या पुढच्या भागाचं वजन पिळलेलं असतं, खालच्या आर्मला जॅकचा आधार न देता नट काढला तर आर्म हातावर येईल. ते मी एका मित्राला उभं करून पूर्ण एक शनिवार घालवून केलं. परत बसवताना बोल्ट उलटे घातले, डोकं आतल्या बाजूला आणि नट टॉर्शन बारच्या बाजूला, म्हणजे पुढच्या वेळी बार न हलवता निघतील. मायनरवाले बरेच जण असंच करतात आणि मला ते पटलं.

सहाही व्हील सिलिंडर (चाकाजवळचे, लायनर ड्रमवर दाबणारे; पुढच्या चाकांना दोन-दोन) नवे, तिन्ही रबरी नळ्या नव्या, लोखंडी पाइप जाऊन कॉपर-निकेलचे. जुनी रबरी नळी कापून बघितली तर आतलं भोक फुगून टाचणीएवढं राहिलेलं. अशा नळीतून ऑइल जोराने जातं पण परत येत नाही, म्हणून चाक धरून ठेवतं आणि माणूस ड्रमला दोष देत बसतो.

अजून एक, पॅडल खाली जात असेल तर लगेच सिलिंडर बदलू नका. पहिल्या दाबाला खोल जातं आणि लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर कडक लागतं, तर लायनर लांब गेलेत, अॅडजस्ट करा. पाय दाबून धरल्यावर हळूहळू खाली सरकत राहतं, तर गळती किंवा मास्टर सिलिंडरचं सील. स्पंजसारखं लागतं तर हवा. हे ड्रम आपोआप अॅडजस्ट होत नाहीत. पुढच्या प्रत्येक चाकाला दोन अॅडजस्टर, मागच्याला एक, चाक जाम होईपर्यंत फिरवायचा आणि एक खाच मागे घ्यायचा.

---

जुनापाना

+१ नळ्यांबद्दल.

लेस्टरकर, मी बर्मिंगहॅमला असतो, माझ्याकडे १९६५ ची दोन दारांची आहे आणि मी तिला पुढे डिस्क ब्रेक आणि सर्व्हो (ब्रेकचा जोर वाढवणारा) टाकून १२७५ सीसीचं इंजिन बसवलं. पाच गिअरचा फोर्डचा टाइप नाइन गिअरबॉक्स पण. ड्रमवर इतकी मेहनत घेण्यापेक्षा सरळ डिस्क का नाही टाकल्या? आजकालच्या ट्रॅफिकमध्ये पुढची गाडी एबीएसवाली असते, ती थांबते आणि तुम्ही थांबत नाही. मोटरवेवर जायचं तर मला डिस्कशिवाय पर्याय वाटत नाही.

---

हेराल्डप्रेमी_पुणे

मी उलट मताचा आहे. माझ्याकडे स्टँडर्ड हेराल्ड आहे, मद्रासला बनलेली, आणि मी तिच्यात एकही गोष्ट बदललेली नाही. एकदा डिस्क टाकली, अल्टरनेटर टाकला, गिअरबॉक्स बदलला की मग गाडी कुठे राहिली? कुणाचं मन दुखवायचं नाहीये पण मला खरंच असं वाटतं. पुढच्या पिढीला दाखवायला मूळ वस्तू राहायला हवी.

---

लेस्टरकर

दोघांचंही पटतं मला, खरंच.

@जुनापाना, १२७५ टाकलंत तर डिस्क हवीच, जास्त वेग आला की तो थांबवायची सोय आधी. माझी १०९८ आहे, ४८ हॉर्सपॉवर, पंचावन्न मैलांवर ती खूश असते आणि मी तिला मोटरवेवर नेत नाही. १९६२ पासून १०९८ ला पुढे आठ इंची ड्रम आले, आधी सातचे होते. हे आठ इंची नीट सेट केले तर माझ्या वापराला पुरतात. अंतर मात्र जास्त ठेवतो.

@हेराल्डप्रेमी, माझा नियम एकच केलाय, जे काही बदलीन ते परत मूळ करता आलं पाहिजे. नवं भोक पाडायचं नाही, पत्रा कापायचा नाही, आणि निघालेला प्रत्येक भाग तेल लावून, कागदात गुंडाळून, चिठ्ठी लावून माळ्यावर. कधी विकली तर ती पेटी गाडीबरोबर जाईल.

फक्त सुरक्षेचं असेल तिथे मी मूळपणा सोडला. पुढे-मागे सीटबेल्ट लावले. आमची मुलगी मागे बसते.

---

वाईकर

फोटो दिसत नाहीत हो. आणि ट्रनियन म्हणजे काय ते सांगा ना, मला गाडीतलं काही कळत नाही पण वाचायला मजा येतेय.

---

लेस्टरकर

फोटो परत टाकलेत, बघा दिसतात का.

ट्रनियन. पुढचं चाक ज्या उभ्या खांबावर वळतं, आपल्याकडे किंगपिन म्हणतात तो, त्याला वर आणि खाली आटे पाडलेले असतात. त्या आट्यांवर नटासारखे दोन ठोकळे बसतात, ते ट्रनियन. स्टिअरिंग फिरवलं की खांब त्या आट्यात थोडासा फिरतो. म्हणजे गाडीच्या त्या कोपऱ्याचं सगळं वजन आट्यांवर. ग्रीस मिळालं तर पन्नास वर्षं काही होत नाही. नाही मिळालं तर आटे झिजून गुळगुळीत होतात आणि एक दिवस वळणावर खांब ठोकळ्यातून निसटतो, चाक आडवं गाडीखाली जातं. मायनरची ही जगप्रसिद्ध खोड आहे आणि यात दोष गाडीपेक्षा ग्रीस न मारणाऱ्याचा जास्त.

माझ्या डाव्या बाजूचा खालचा ट्रनियन काढून हातात घेतला. आटे आतून बोटाला लागलेच नाहीत, आट्यांच्या जागी कडा होत्या, ब्लेडसारख्या पातळ. दुसऱ्या हातात नवा धरला तर तिथे रुंद, भरीव आटे. बाबांना व्हिडिओ कॉलवर दोन्ही दाखवले. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, निपल (ग्रीस भरायचं तोंड) काढून सुईने साफ कर, ग्रीस आत जातंय की बाहेर सांडतंय ते बघ. आणि तेच होतं. निपल आतून वाळलेल्या ग्रीसने बंद, वरवर कुणीतरी ग्रीसगन लावत होतं पण आत थेंबही जात नव्हता.

म्हणून ग्रीस मारताना चाक उचलून मारा, वजन नसताना, आणि ट्रनियनच्या कडेतून जुनं काळं ग्रीस बाहेर यायला लागेपर्यंत मारा. नवीन रंगाचं दिसलं की थांबा. मी दर हजार मैलांना मारतो. डावा-उजवा वेगळा येतो, आटे उलटे असतात, मागवताना लक्ष द्या. टॉर्शन बारपण डावा-उजवा अदलाबदल करायचा नाही, वापरलेला बार एकाच दिशेने पिळायची सवय झालेला असतो.

---

हेराल्डप्रेमी_पुणे

हे फार महत्त्वाचं लिहिलंत. हेराल्डलाही खाली ट्रनियन आहे, फक्त तो पितळी, आणि त्यात ग्रीस नाही तर गिअर ऑइल घालायचं असतं, ईपी ९०. इथे मेकॅनिक सरसकट ग्रीस मारतात, ग्रीस तिथे आत खालपर्यंत पोचत नाही आणि पाणी शिरून खांब गंजतो. मी स्वतः ग्रीसगनमध्ये ऑइल भरून मारतो. कुणाकडे हेराल्ड किंवा गॅझेल असेल तर प्लीज हे लक्षात ठेवा.

---

मैत्रेयी_ठाणे

मी आजच बघून आले, अँबॅसिडरच्या पुढच्या बाजूचे दोन निपल रंगाखाली गेलेत!! रंगवतानाच बुजवलेत. मेकॅनिककाकांना सांगितलं तर म्हणाले ताई तुम्ही पहिल्याच बघताय.

पान्यांचं पण सांगाल का? माझ्याकडे एमएमचा सेट आहे.

---

लेस्टरकर

शाब्बास!

पाने : मायनरवर बहुतेक ठिकाणी यूएनएफ आटे आहेत, पाने इंचातले लागतात. ७/१६, १/२, ९/१६ हे तीन असतील तर अर्धी गाडी खोलते. ७/१६ ला अकराचा पाना चालून जातो. पण १/२ म्हणजे १२.७ एमएम, तिथे तेराचा पाना लावला की बसतो असं वाटतं आणि जोर दिला की नटाचे कोपरे जातात. अँबॅसिडरवर इंचाचे आणि एमएमचे दोन्ही नट मिळू शकतात, नट साफ करून मगच पाना निवड आणि शक्यतो सहा कोनी सॉकेट वापर.

---

लेस्टरकर

आता इंजिन, शेवटी.

कॉम्प्रेशन बघितलं, एक, दोन आणि चार १५० च्या आसपास, तीन नंबर ९५. थोडं ऑइल टाकून परत बघितलं तरी तीन वाढला नाही, म्हणजे रिंग ठीक, गळती वर व्हॉल्व्हला. हेड खोललं. तिसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कडेला जळून नखाएवढा तुकडा गेलेला आणि व्हॉल्व्ह टेकतो ती सीट आत बसलेली. या इंजिनची सीट लोखंडी हेडमध्येच कापलेली असते, पेट्रोलमधलं शिसं तिला उशीसारखं होतं. इथे १९९९ च्या शेवटी शिशाचं पेट्रोल बंद झालं आणि तेव्हापासून अशी हेड बसत गेली. लेथवाल्याकडे देऊन एक्झॉस्टच्या कडक सीट बसवून घेतल्या, नवे व्हॉल्व्ह, नवे गाइड. घरी करण्यासारखं हे काम नाही.

हेड बसवल्यावर टॅपेटची फट, थंड इंजिनला बारा थाउ (इंचाचे हजारावे भाग). आठ व्हॉल्व्ह आहेत आणि नऊचा हिशोब लक्षात ठेवायचा : आठवा पूर्ण दबलेला असताना पहिला सेट करायचा, सातवा दबलेला असताना दुसरा, बेरीज कायम नऊ. बाबांनी मला हा हिशोब चौथीत शिकवला होता, अँबॅसिडरचं इंजिन बीएमसीचंच (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) असल्यामुळे तिथेही हाच.

एसयू कार्बोरेटरला लोक घाबरतात, उगाच. खालच्या बाजूला एक छोटी पिन असते, ती बोटाने वर करून पिस्टन एक एमएमपेक्षाही कमी उचलायचा. इंजिनचा वेग क्षणभर वाढून परत जागेवर आला तर मिक्श्चर बरोबर. वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त. इंजिन बंद पडायला लागलं तर कमी. खालचा नट एकेक बाजू फिरवत जायचं, गाडी गरम असताना, आणि वर डॅशपॉटमध्ये (पिस्टनच्या वरच्या नळीत) ऑइल आहे ना ते आधी बघायचं.

पेट्रोलचं : इथे सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० झालंय, दहा टक्के इथेनॉल. जुन्या रबरी नळ्या त्याने मऊ पडतात. मी सुपर ई५ च भरतो आणि तरी सगळ्या नळ्या इथेनॉलला चालणाऱ्या टाकल्या. भारतातल्या मंडळींनी तर आधी नळ्या बदलाव्यात, मग बाकीचं.

---

जुनापाना

वायरिंगचं काय केलंत? डायनमो ठेवला का?

---

लेस्टरकर

ठेवला होता, मग बदलला. लुकासचा सी४०, जेमतेम बावीस अँपिअर देतो आणि मूळ गाडी पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेलं). नोव्हेंबरमध्ये साडेचारला अंधार, हेडलाइट, वायपर आणि हीटर तिन्ही चालू करून सिग्नलला उभा राहिलो की दिवे पिवळे पडायचे. मागून येणाऱ्याला मी दिसलोच पाहिजे म्हणून अल्टरनेटर टाकला, जुन्याच ब्रॅकेटवर, भोक नाही पाडलं.

निगेटिव्ह अर्थ करायला वाटतं तितकं काही नाही. बॅटरी उलटी जोडायची, कॉइलच्या दोन बारीक वायरी अदलाबदल करायच्या. पेट्रोलच्या एसयू पंपात डायोड आहे का ते आधी बघा, डायोडवाला उलटा जोडला तर जातो. डायनमोच ठेवणार असाल तर त्याला नवी दिशा द्यावी लागते, वायरी काढून एफ टर्मिनलला बॅटरीच्या जिवंत टोकाची वायर क्षणभर टेकवायची. पॉइंटच्या (ठिणगीसाठी करंट तोडणाऱ्या जोडीच्या) जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन घेणार असाल तर आधी अर्थ ठरवा, मग किट मागवा. मी पॉइंटच ठेवलेत, पंधरा थाउ गॅप, रस्त्यात कुठेही दहा मिनिटांत साफ करता येतात.

---

वाईकर

इतकं सगळं केल्यावर तिकडे पासिंग वगैरे करावं लागतं का?

---

लेस्टरकर

चाळीस वर्षांपुढच्या गाडीला मे २०१८ पासून एमओटी (इथली वार्षिक तपासणी) सक्तीची नाही, गाडीत मोठे मूलभूत बदल केलेले नसतील तर. टॅक्सही शून्य, फक्त अर्ज करून हिस्टॉरिक वर्गात नोंदवावी लागते. तरी मी दरवर्षी पैसे भरून एमओटी करून घेतो. मी खाली झोपून जे बघतो ते मलाच बघायची सवय झालेली असते, दुसऱ्याची नजर हवी. मागच्या महिन्यात तिथल्या माणसाने मागच्या उजव्या ड्रमवर बोट ठेवून ओल दाखवली, माझ्याकडून सुटली होती. अॅक्सलचं सील गळतंय, ऑइल लायनरवर यायच्या बेतात होतं.

आजींना परवा घेऊन फिरून आलो, चार मैल. त्या डाव्या सीटवर बसून पूर्ण वेळ डॅशबोर्डवर हात ठेवून होत्या. उतरताना म्हणाल्या, पूर्वी तिसऱ्या गिअरला ती कुंईं करायची, अजून करते.

त्या मागच्या सीलचं कुणी केलंय का? हबचा नट एका बाजूला उलट्या आट्यांचा असतो का, हे खोलायच्या आधी कळलं तर बरं. शनिवारी करायचा विचार आहे.

---

जुनापाना

शनिवारी दुपारी मोकळा आहे, मी येतो. मोठं सॉकेट माझ्याकडे आहे, घेऊ नका. नट दाबून मोकळा करायच्या आधी त्याच्या वॉशरची दुमडलेली कड सरळ करून ठेवा आणि लायनर ओले झालेत का बघून ठेवा, झाले असतील तर ब्रेक क्लीनरने पुसून भागत नाही, दोन्ही बाजूंचे नवेच टाकू.